दारासमोरची राखीव जागा

एका जंगलात एक सुपरमार्केट होतं. होय, सुपरमार्केटच. तुम्हाला तळं हवं होतं, काठावर एका पायावर उभा बगळा हवा होता, ते माहितीय मला. तळं बुजवलं. त्याच्यावरच सुपरमार्केट बांधलं. बगळा हल्ली तिथे मासळीच्या काउंटरवर असतो. आता मुकाट्याने ऐका.

सगळे प्राणी दर रविवारी तिथे सामान आणायला जायचे. आपापल्या गाडीने.

"प्राणी गाडी कशी चालवतील?" कोण बोललं ते? इतकी वर्षं प्राणी माझ्या गोष्टींत घडाघडा मराठी बोलतात, तेव्हा तुला काही खटकलं नाही. आणि गाडी बरी खटकली! बस खाली.

तर त्या सुपरमार्केटच्या दारासमोर एक गाडी राहील एवढी जागा होती. एकच. बाकीच्यांनी गाड्या ओढ्यापलीकडे लावायच्या आणि चढ चढून यायचं. धडधाकट प्राण्याला दहा मिनिटं लागत. दारासमोरच्या जागेवर पाटी होती : 'पाय अधू असलेल्यांसाठी राखीव.' सिंहमहाराजांचं तसं फर्मानच होतं, प्रत्येक दुकानासमोर अशी पाटी हवी म्हणून. पाटी हवी, एवढंच त्यात लिहिलं होतं. पुढचं कोणी विचारलं नाही आणि महाराजांनी सांगितलं नाही.

आता द्वारकाबाईंची ओळख करून घ्या. द्वारकाबाई म्हणजे हरणी. वय झालेलं, पण डोळ्यांत पाणीदारपणा अजून शाबूत. तरुणपणी एकदा शिकाऱ्याच्या फाशात त्यांचा मागचा डावा पाय अडकला. जीव वाचला, पाय मात्र कायमचा वाकडा झाला. दहा पावलं टाकली की ठणकायचा. वीस टाकली की थरथरायला लागायचा. गाडी त्या फक्कड चालवत. त्यांच्या गाडीला मागचे पाय लागतच नव्हते. सगळं पुढच्या पायांनी.

पाय गेला तशा एकेक गोष्टी गेल्या. कुरणातल्या शर्यती गेल्या. लग्नकार्यांना जाणं गेलं. राहिला फक्त रविवार. रविवारी स्वतः गाडी काढायची, स्वतः दुकानात शिरायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून भाजी घ्यायची. भेंडी मोडून बघायची. वांग्याचं देठ बघायचं. कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरायची. तेवढ्या तासाभरात त्या कोणाची म्हातारी आई नसत. त्या द्वारकाबाई असत.

त्यांचा मुलगा सोपान म्हणायचा, "आई, कशाला दगदग? मोबाइलवर बोट ठेवलं की भाजी दारात."

"आणि भेंडी कोण मोडून बघणार? तुझं बोट?" द्वारकाबाई विचारायच्या.

तर अशा या द्वारकाबाई एका रविवारी सुपरमार्केटसमोर आल्या. बघतात तर राखीव जागेवर रणधीर बिबट्याची लांबलचक काळी गाडी. रणधीर आत बसून केस सारखे करत होता. हा रणधीर रोज पहाटे डोंगराला चार फेऱ्या मारायचा. चारही पाय ठणठणीत.

"अरे रणधीर, ही जागा माझ्यासारख्यांसाठी आहे रे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"अय्यो, मावशी!" रणधीर तत्परतेने खाली उतरला. त्याने वाकून नमस्कार केला. बरं का मुलांनो, हे जंगल भलतंच सौजन्यशील होतं. "पाचच मिनिटं हं, मावशी. फक्त दूध घ्यायचंय. राग नका मानू. पाय कसा आहे आता? जपा हं!"

आणि तो आत गेला. दूध घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन ढकलगाड्या सामान होतं आणि पाऊण तास झाला होता. द्वारकाबाई नुकत्याच ओढ्यापलीकडे गाडी लावून, चढ चढून, फेस येऊन दारात पोचल्या होत्या. रणधीरने जाता जाता त्यांना दार उघडून धरलं. किती गुणाचा!

पुढच्या रविवारी त्या जागेवर कमळाताई अस्वलाची गाडी होती. पिवळे दिवे लुकलुकत होते.

"मी गाडी लावलेलीच नाही," कमळाताई म्हणाल्या. "दिवे चालू आहेत ना? दिवे चालू असले की ती थांबलेली गाडी. लावलेली नाही. मला आज चतुर्थीचा उपास, देवाची फुलं घ्यायचीत, उगाच वादात पाडू नका बाई."

त्याच्या पुढच्या रविवारी गाडीच नव्हती. जागा मोकळी होती. द्वारकाबाईंना आनंद झाला, तोच एक ससा आडवा आला. त्याने जमिनीवर रुमाल टाकला होता. "ही धरलेली आहे. आमचे भाऊजी येतायत," तो म्हणाला. भाऊजी कुठवर आलेत? तर अजून घरून निघायचे होते. तोवर मी लावते, म्हटलं तर ससा म्हणाला, "काकू, रुमाल टाकलाय ना आम्ही!" आणि आजूबाजूचे प्राणीही म्हणाले, बरोबर आहे, रुमाल टाकलाय त्याने. फर्मान कोणी वाचलं नव्हतं, पण रुमालाचा कायदा प्रत्येकाला पाठ होता.

द्वारकाबाई मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर होता त्रिंबकराव कोल्हा. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. अगदी स्वतःचे डोळेही पुसले.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण गिऱ्हाईकाला मी जा कसं म्हणू? आपण विनंती करू."

त्याने पाटीवर 'कृपया' लिहिलं. कोणी हललं नाही. मग 'नम्र विनंती' लिहिलं. मग 'अतिशय नम्र विनंती, आपलेच'. पाटी जसजशी वाकत गेली तसतसे प्राणी निवांत गाड्या लावत गेले. शेवटी त्रिंबकरावाने सौजन्य सप्ताह केला. मंडप, माईक, प्रत्येकाला गुलाबाचं फूल. लांडगेसाहेब प्रमुख पाहुणे. 'दुबळ्यांना जागा द्या' या विषयावर ते सव्वा तास बोलले. ऐकणारे रडले. द्वारकाबाईंचा शाल देऊन सत्कारही झाला.

तेवढा वेळ लांडगेसाहेबांची गाडी कुठे उभी होती, हे मी तुम्हाला विचारणार नाही. सगळ्यांचे हात वर झालेत, म्हणजे कळलंय तुम्हाला.

त्या दिवशी द्वारकाबाई शाल पांघरून ओढ्यापर्यंत लंगडत गेल्या. घरी पोचल्या तेव्हा पाय भोपळ्याएवढा सुजला होता. सोपानने तो बघितला आणि त्याचा संयम संपला.

"बास झालं, आई. पुढचा रविवार शेवटचा. आणखी एकदा पाय असा सुजून आलीस तर गाडीची किल्ली माझ्याकडे. गाडी मी विकून टाकणार."

"अरे, पण जागा मिळाली असती तर..."

"मिळत नाही ना? मग!"

पोरगा वाईट नव्हता हो. आईचे हाल त्याला बघवत नव्हते, एवढंच. म्हणून ज्यांनी हाल केले त्यांना सोडून त्याने आईलाच घरी बसवायचं ठरवलं. मोठी माणसं असाच विचार करतात. तुम्हीही मोठे झालात की कराल.

द्वारकाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. किल्ली मात्र पदराच्या गाठीला बांधून ठेवली. हरणीला पदर कुठून, असं कोणी विचारलं तर मी गोष्ट इथेच थांबवीन.

इकडे त्रिंबकरावालाही डोकेदुखी झाली होती. दर रविवारी द्वारकाबाई, वर त्या जागेसाठी रणधीर आणि सशाची हमरीतुमरी. त्याने पहारेकऱ्याला बोलावलं. पहारेकरी म्हणजे महिपती रेडा. "महिपती, त्या जागेच्या कोपऱ्यात एक दगड रोव. रंगव चांगला. लांबून दिसला पाहिजे, की बाबा ही जागा वेगळी आहे."

महिपतीने ओढ्यातला एक गोल गरगरीत दगड आणला आणि रोवला. रंग बघायला कोठीत गेला. पांढरा संपला होता. पिवळा वाळून खडा झाला होता. कचऱ्याचे डबे रंगवून उरलेला शेंदरी तेवढा डबाभर होता. महिपती साधा प्राणी. त्याने शनिवारी दुपारी दगडाला दोन हात शेंदरी रंग दिला आणि घरी गेला.

हं. तुम्ही हसायला लागलात. मी अजून काही बोललेलोही नाही!

रविवारी सकाळी सर्वांत आधी कमळाताई आल्या. नेहमीप्रमाणे दिवे लुकलुकवत राखीव जागेकडे वळल्या आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. समोर गोल, शेंदरी, तेजस्वी असं काहीतरी. त्या खाली उतरल्या. चपला काढल्या. "आई गं! कधी प्रकटलीस?" म्हणाल्या आणि देवासाठी घेऊन ठेवलेलं झेंडूचं फूल त्यांनी दगडावर वाहिलं. मग गाडी मागे घेतली, ओढ्यापलीकडे नेली आणि चढ चढत परत आल्या. तोंडाने नामस्मरण चालू.

एक फूल पुरलं. दुसऱ्याने हळद वाहिली. तिसऱ्याने नारळ फोडला. नऊ वाजेपर्यंत दगडाला दोन डोळे लागले होते आणि उदबत्तीचा धूर निघत होता. ससा आला. त्याने रुमाल काढला, दगडापुढे अंथरला आणि त्यावर डोकं टेकलं. रणधीर बिबट्या आला. ज्याला पाच मिनिटांच्या दुधासाठी दहा मिनिटं चालवत नव्हतं, तो ओढ्यापासून अनवाणी चालत आला.

काय विलक्षण दृश्य होतं! जे फर्मानाने झालं नाही, विनंतीने झालं नाही, लांडगेसाहेबांच्या सव्वा तासाने झालं नाही, ते कचऱ्याच्या डब्याच्या रंगाने झालं. जागा मोकळी. एकही गाडी नाही.

आणि तेवढ्यात द्वारकाबाई आल्या.

त्यांनी लांबूनच बघितलं. जागा मोकळी! त्यांचा विश्वास बसेना. गर्दी कडेला आहे, जागा मोकळी आहे, सगळे हात जोडून उभे आहेत. सुधारलं की हो जंगल, त्यांना वाटलं. त्यांनी सावकाश गाडी वळवली, बरोबर त्या जागेवर आणून लावली आणि खाली उतरून सगळ्यांना म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो रे बाबांनो."

एकच कल्लोळ उठला.

"आईच्या डोक्यावर गाडी आणली!"

"काढा! आधी गाडी काढा!"

"लाज नाही वाटत? देवीच्या दारात गाडी लावता?" हा रणधीर. मावशी-बिवशी काही नाही. सौजन्य सप्ताह संपला होता.

"कसली देवी?" द्वारकाबाईंनी दगडाकडे बघितलं. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. "अरे, हा ओढ्यातला धोंडा आहे. रंग तर कचऱ्याच्या डब्यांचा! महिपतीनेच दिला असणार. विचारा त्याला! महिपती, सांग की रे!"

महिपती पुढे आला. सकाळपासून सगळे त्याच्याच हाती नारळ देत होते. काहींनी त्याच्या पायांनाही हात लावला होता. बारा वर्षांच्या नोकरीत त्याला कोणी 'या' म्हटलं नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "रंग मी दिला, खोटं कशाला बोलू? पण दुसरे सगळे डबे कसे रिकामे निघाले? हाच कसा भरलेला निघाला? आईनेच माझा हात धरला म्हणायचा."

"बघा!" गर्दी म्हणाली.

"माझा पाय अधू आहे," द्वारकाबाई ओरडल्या. "ही जागा माझ्यासाठी ठेवलेली आहे. पाटी वाचा!"

पाटी कशी वाचणार? तिच्यावर हार घातलेला होता.

वाद वाढत गेला. द्वारकाबाई उभ्याच. कोणाला वाटलं नाही त्यांना बसायला सांगावं. पाय ठणकायला लागला. समोर सोपानचा चेहरा दिसायला लागला, पुढे केलेला हात दिसायला लागला, आता किल्ली जाणार हे दिसायला लागलं. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि तो वाकडा पाय थरथरायला लागला. आधी खूर. मग गुडघा. मग पायाबरोबर सगळं अंग लटलट हलायला लागलं.

कमळाताईंनी किंकाळी फोडली. "अंगात आलं! अहो, हिच्या अंगात आलं!"

गर्दी दोन पावलं मागे सरकली. उदबत्तीची राख पडली तरी ऐकू यावी.

द्वारकाबाईंनी हुंदका आवरला. इकडेतिकडे बघितलं. रणधीरचे हात आपोआप जोडले गेलेले दिसले. सशाचे कान आडवे झालेले दिसले.

मुलांनो, द्वारकाबाई लंगड्या होत्या. खुळ्या नव्हत्या.

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा, मग गरागरा. "हूंऽऽ..." त्या म्हणाल्या. "हूंऽऽऽ..."

"हळद आणा! कुंकू आणा!" धावाधाव झाली. त्रिंबकराव कोल्हा पुढे झाला. दगड आपणच रोवायला सांगितला होता, हे तो केव्हाच विसरला होता. "आई, कोण तू? कुठली?"

"या जागेची मालकीण मी!" द्वारकाबाई गरजल्या.

"आम्ही ओळखलं नाही, आई! काय चुकलं लेकरांचं?"

"माझ्या दारात गाड्या लावता! दिवे लुकलुकवता! रुमाल टाकता!"

कमळाताई लोटांगणात गेल्या. ससा आधीच लोटांगणात होता.

"चुकलो, आई! पुन्हा नाही करणार!"

"या हरणीच्या पायात मी राहते. हिचा पाय तो माझा पाय. या जागेवर हिची गाडी लागेल. दुसरी दिसली तर बघा! टायर ठेवणार नाही!"

आता बघा हं. यातलं एक तरी वाक्य नवं होतं का? पाय, जागा, गाडी. सहा महिने बाई हेच सांगत होती. साध्या आवाजात, खुर्चीवर बसून, चहा पिऊन. तेव्हा सगळे म्हणत होते, भावना समजू शकतो. आज तीच वाक्यं मान हलवून म्हटली तर अख्खं जंगल जमिनीवर पालथं पडलं.

"आणखी काही इच्छा, आई?" त्रिंबकरावाने विचारलं.

द्वारकाबाईंनी घुमता घुमता क्षणभर विचार केला. म्हटलं आलीच आहे देवी, तर रिकाम्या हाताने कशाला पाठवायची?

"ताज्या भेंडीखाली जून भेंडी दडवतोस तू!"

त्रिंबकराव पांढराफटक पडला. "तुला कसं कळलं, आई?"

तिला कसं कळलं, ते प्रत्येक रविवारी भेंडी मोडून बघणाऱ्या कोणालाही सांगता आलं असतं. पण देवीला असले प्रश्न विचारत नाहीत. जून भेंडी तासाभरात बाहेर गेली.

घुमणं थांबलं. द्वारकाबाईंनी डोळे उघडले. "मला काय झालं होतं गं?" असं कमळाताईंना विचारायलाही त्या विसरल्या नाहीत. मग गाडीपासून दारापर्यंत सहा पावलं चालल्या. फक्त सहा! पाय ठणकायच्या आत त्या वांग्यांपाशी होत्या. रणधीर टोपली धरून मागे मागे फिरला. त्या दिवशी त्यांनी एकेक वांगं हातात घेऊन, उलटसुलट करून, देठ बघून घेतलं. दोन वांगी उगाचच परत ठेवली. त्यातही सुख असतं.

सोपानला बातमी घरीच कळली. आई आली तेव्हा तो दारात ताम्हन घेऊन उभा होता. किल्ली मागण्याचा विषय त्याने काढला नाही. गाडीला मात्र हळदीकुंकू वाहिलं.

तेव्हापासून ती जागा द्वारकाबाईंची. दर रविवारी फक्त दोन मिनिटं घुमावं लागतं, नाहीतर प्राणी विसरतात. घुमताना पाय दुखतोच. पण चढ चढण्यापेक्षा पुष्कळ कमी.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गेल्या रविवारी एक म्हातारा साळिंदर आला. नरहरी त्याचं नाव. दरडीवरून पडून त्याची कंबर मोडली होती. तो ओढ्यापासून खुरडत खुरडत आला, तीन ठिकाणी बसत बसत. दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने सगळ्यांना हात जोडून विचारलं, "माझ्यासारख्याला जवळ गाडी लावायला कुठे जागा मिळेल का हो?"

"भावना समजू शकतो," त्रिंबकराव म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

"जपा हं, काका," रणधीर म्हणाला आणि त्याने दार उघडून धरलं.

द्वारकाबाई हे बघत होत्या. चहा पिऊन नरहरी निघाला तेव्हा त्या लंगडत त्याच्यापाशी गेल्या. जागा एकीचीच, पण आपली छोटी गाडी अगदी कडेला घेतली तर दुसरीही कशीबशी मावेल, हे त्यांनी आधीच डोळ्यांनी मापून ठेवलं होतं. पण नुसती जागा देऊन ती राहत नाही, हेही त्यांना आता पुरतं ठाऊक होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोणी ऐकत नाही अशी खात्री केली. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "घुमता येतं का?"

तात्पर्य : 'दुसऱ्याची राखीव जागा अडवू नये,' असं तुम्ही वहीत लिहून मोकळे झालात ना? खोडा ते. लिहा : आपली अडचण लोकांना नम्रपणे समजावत बसू नये, तिला शेंदूर फासावा. शिष्ट समाजात अपंगाला जागा मिळत नाही, फक्त देवाला मिळते.